आधी त्या वस्तूलाच विचारा

कॉम्प्युटर क्लासला जाणारी आपली बरीच मुलं प्रोग्रामिंग शिकत नाहीत, नोट्स शिकतात. हे मत मांडायचा भाषेच्या शिक्षिकेला काय अधिकार, असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे. मी बीएड करून उर्दू आणि मराठी शिकवते हे खरं आहे. पण आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत चार जुने कॉम्प्युटर आहेत. संध्याकाळी तिथे अकरावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुली पायथन घेऊन बसतात, आणि पडद्यावर इंग्रजीत काही लालभडक उमटलं की ‘आपा, जरा बघता का?’ म्हणून मला हाक मारतात. त्यांच्या शेजारी बसून दोन वर्षांत मीही पायथन बऱ्यापैकी शिकले. मुलींना वाटतं अडचण इंग्रजीची आहे. आहेच, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली अडचण ही, की अडल्यावर विचारायचं कुणाला, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. त्या सरांना विचारतात, मैत्रिणीला विचारतात, ग्रुपवर फोटो टाकतात. जिच्याबद्दल प्रश्न आहे त्या वस्तूला मात्र विचारत नाहीत.

कारण वस्तू उत्तर देते, हे त्यांना माहीतच नसतं.

पायथनमध्ये हेल्प नावाचं एक फंक्शन आहे. (इथे मी नावं नागरीत लिहिते आहे, यंत्रावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.) हेल्प लिहायचं, कंसात ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. कंसात ‘लेन’ लिहिलं तर लेन काय करतं ते एका ओळीत समोर येतं: यात किती नग आहेत ते मोजून सांगतं. यासाठी इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, सरांचा फोन लागावा लागत नाही. पायथन ज्या दिवशी त्या मशीनवर आलं, त्याच दिवशी ही सगळी माहिती त्याच्याबरोबर आली. २००१ सालच्या २.२ या आवृत्तीपासून ही सोय आहे. म्हणजे माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलींपेक्षा ती वयाने मोठी आहे. तरी त्यांच्या क्लासच्या नोट्स मी चाळल्या, तर शंभर-सव्वाशे पानांत हेल्पचा उल्लेख एकदाही सापडला नाही. फॉर लूपची व्याख्या मात्र तीन ठिकाणी होती, पाठ करण्यासाठी.

एक उदाहरण देते. एका मुलीने वर्गाच्या गुणांची यादी केली आणि ती चढत्या क्रमाने लावायला घेतली. तिने लिहिलं, गुण बरोबर गुण डॉट सॉर्ट. मग छापायला सांगितलं तर पडद्यावर एकच शब्द आला, नन. म्हणजे काहीच नाही. सगळे गुण गायब! मैत्रीण म्हणाली, पायथन पुन्हा इन्स्टॉल कर. ग्रुपवरून उत्तर आलं, उद्या क्लासला ये. मी तिला हेल्प लिहून कंसात ‘लिस्ट डॉट सॉर्ट’ लिहायला लावलं. तिथे पहिल्याच ओळीत सांगितलं आहे की ही मेथड यादी चढत्या क्रमाने लावते आणि नन परत देते. पुढच्या ओळींत कारणही आहे: ती नवी यादी बनवत नाही, आहे तीच यादी जागच्या जागी बदलते. मुलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, ‘म्हणजे बरोबरचं चिन्ह लावायचंच नाही ना?’ हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने वाचून काढलं. या दोन गोष्टींत केवढा फरक आहे, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आता एक अडथळा येतो, आणि मुली इथेच सोडून देतात, म्हणून त्यावर जरा थांबते.

एखादीला ‘स्प्लिट’ हवं असतं. वाक्याचे शब्दांमध्ये तुकडे करणारी ही मेथड. ती हेल्प लिहून कंसात स्प्लिट लिहिते, आणि पायथन म्हणतं, असं काही नाव मला माहीत नाही. ‘बघा आपा, याला काही येत नाही.’ येतं त्याला, पण स्प्लिट एकटं राहत नाही. ते घरातलं आहे, आणि घराचं नाव आहे एसटीआर, म्हणजे स्ट्रिंग. कंसात ‘एसटीआर डॉट स्प्लिट’ लिहिलं की सगळं उत्तर येतं.

उर्दू-अरबी शिकलेल्यांना ही गोष्ट मी एका वाक्यात समजावते: लुगत उघडताना काय करता? अरबी लुगतमध्ये ‘मकतूब’ हा शब्द ‘मीम’खाली शोधत बसलात तर सापडणार नाही. आधी त्याचा माद्दा काढावा लागतो, काफ-ते-बे. मग त्या एका मुळाखाली किताब, कातिब, मकतब, मकतूब सगळं खानदान एकत्र बसलेलं दिसतं. अट एवढीच, की घर आधी ओळखता यायला हवं. पायथनचंही तसंच. हातातली वस्तू कोणत्या जातीची आहे हे आधी विचारायचं. त्यासाठी ‘टाइप’ आहे. मग त्या घरात कोण कोण राहतं हे विचारायचं, त्यासाठी ‘डिर’ आहे. डिर नुसती नावांची यादी देतं. तिच्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेली विचित्र नावं आधी येतात. ती यंत्राच्या घरगुती कामाची असतात, सुरुवातीला सोडून द्यावीत. त्यानंतरची नावं आपल्या कामाची. त्यातलं एखादं ओळखीचं वाटलं की त्याच्याबद्दल हेल्पला विचारायचं. टाइप, डिर, हेल्प. बीएडला आम्ही ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे शिक्षणसूत्र पाठ केलं होतं, पाठनियोजनात त्याचा रकाना भरला होता. ते सूत्र एखाद्या यंत्रात इतकं सरळ बसवलेलं दिसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आणखी दोन खाचखळगे आहेत. कंसात ‘लेन’ लिहायचं, ‘लेन’ आणि पुढे पुन्हा उघडे-बंद कंस नाही. नुसतं नाव लिहिणं म्हणजे बोट दाखवणं, कंस लावणं म्हणजे कामाला लावणं. ‘हा कोण?’ असं विचारायचं असेल तर आधी त्याच्या डोक्यावर पोतं कशाला द्यायचं? दुसरं, अवतरणचिन्हात शब्द लिहिला तर पायथन तो विषयाचं नाव समजून शोधतं. त्याचा फायदाही आहे. मॅथ किंवा स्टॅटिस्टिक्स यांसारखं मॉड्यूल आधी इम्पोर्ट न करताही, नाव अवतरणात दिलं की त्याची माहिती मिळते. पण एखाद्या वाक्यावर काय काय करता येतं हे पाहायला कंसात ते वाक्यच लिहिलं, तर ‘या विषयावर माहिती नाही’ असं कोरडं उत्तर येतं. तिथे घराचं नाव, एसटीआर, द्यावं लागतं. आणि हो, माहिती लांब असेल तर काळ्या खिडकीत ती पान-पान उघडते आणि नवखी मुलगी तिथेच अडकून बसते. बाहेर पडायला क्यू दाबायचा. एवढी एक गोष्ट सांगितली नाही म्हणून हेल्पला कायमची घाबरलेली मुलगी मी पाहिली आहे.

‘पण आता नेटवर सगळं मिळतं, एआयला विचारलं की लगेच सांगतो, मग हे जुनं कशाला?’ हा प्रश्न मला आमच्याच शिक्षकमंडळींनी विचारला. मिळतं ना. पण कुठल्या पायथनचं मिळतं? नेटवर वर्षानुवर्षांची उत्तरं साठून आहेत. त्यात प्रिंटला कंस न लावलेली, रॉ-इनपुट वापरणारी उत्तरं अजून सापडतात. ती पायथन २ ची. त्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. मुलीच्या मशीनवर पायथन ३ असतं, ती जुनं उत्तर उतरवते, चूक येते, आणि तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आपल्या मुलींना असं वाटायला फार वेळ लागत नाही, आजूबाजूचे लोक ते आधीच सांगत असतात. एआयचं म्हणाल तर तो कधी कधी नसलेला पर्यायही मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो. हेल्प मात्र या मशीनवर, आज, जे पायथन आहे त्याच्याबद्दलच बोलतं. नेटवर जरूर विचारा, एआयलाही विचारा. पण त्यांनी सांगितलेलं खरं आहे का, हे हेल्प लावून तपासा. साक्षीदार कितीही बोलका असला तरी कागद बघतातच की!

ही परंपरा तशी जुनी आहे. युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. त्यात प्रत्येक आज्ञेच्या माहितीखाली तिच्यातले दोष सांगणारा भाग होता, आणि ‘मालक’ असाही एक रकाना होता, म्हणजे हे कुणाचं काम आहे आणि कुणाला धरायचं. आपल्या सरकारी फॉर्मवर असा रकाना असता तर! पुढे ईमॅक्स या संपादकाने माहिती प्रत्येक आज्ञेच्या आतच ठेवायची पद्धत रूढ केली. त्यावर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ साली लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘स्वतःची माहिती स्वतः देणारा’ हे विशेषण आहे. पायथनची डॉकस्ट्रिंग याच वळणाची. फंक्शनच्या पहिल्या ओळीच्या लगेच खाली, तीन-तीन अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे डॉकस्ट्रिंग. हॅशचं चिन्ह लावून लिहिलेली टीप पायथन वाचताना सोडून देतं, पण डॉकस्ट्रिंग त्या फंक्शनला चिकटून राहते आणि हेल्प ती काढून दाखवतं. जुन्या दर्सी किताबांत मूळ मजकुराच्या कडेने हाशिया छापलेला असतो. किताब जिथे जाईल तिथे हाशिया तिच्यासोबत जातो. अगदी तसं.

२००१ मध्येच फर्नांडो पेरेझ या कोलंबियात जन्मलेल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आयपायथन सुरू केलं. त्यात तर हेल्प असंही लिहावं लागत नाही. नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की माहिती येते, दोन प्रश्नचिन्हं टाकली आणि मूळ कोड उपलब्ध असला तर तोही दिसतो. ज्यूपिटर नोटबुकमध्ये काम करणाऱ्यांनी हे करून बघावं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती न्यूमपायची गोष्ट, कारण तिच्या मुळाशी एक शिक्षक आहे. न्यूमपाय ही संख्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी. आज ती जगभर वापरली जाते, पण एके काळी तिच्या फंक्शनांच्या पोटात माहिती अगदी तुटपुंजी असे. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात ग्रहांचा अभ्यास करणारे प्राध्यापक जो हॅरिंग्टन यांनी २००७ मध्ये आपल्या वर्गाला न्यूमपाय वापरायला दिली, आणि विद्यार्थी माहितीअभावी अडू लागले. आता असा प्रसंग आला की आपल्याकडे काय होतं? नोट्स काढल्या जातात, त्यांच्या झेरॉक्स निघतात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच झेरॉक्सची झेरॉक्स मिळते. हॅरिंग्टन यांनी २००८ च्या उन्हाळ्यात लायब्ररीचीच माहिती लिहून काढायची मोहीम उभी केली. स्वयंसेवक जमले, एकेक फंक्शन घेऊन लिहू लागले, एकमेकांचं तपासू लागले. आज न्यूमपायच्या कुठल्याही मुख्य फंक्शनला हेल्प लावा. काय द्यायचं, काय परत मिळतं, आणखी काय पाहावं, आणि शेवटी चालवून बघता येतील अशी उदाहरणं, असा ठरलेला साचा दिसेल. आपल्या वर्गाची अडचण एका शिक्षकाने आपल्या वर्गापुरती सोडवली नाही, जिथे ती जन्मली तिथेच जाऊन सोडवली, म्हणून ती सगळ्यांसाठी सुटली.

हे सगळं म्हटल्यावर हेल्पमध्ये दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. लेनची माहिती उघडली की कंसात एक तिरपी रेघ दिसते. तिचा अर्थ, तिच्या आधीचं मूल्य नाव न लिहिता नुसतं जागेवर द्यायचं. पण हे तिथे कुठेच सांगितलेलं नाही, आणि प्रत्येक मुलगी विचारते की ती रेघही टाइप करायची का. दुसरं उदाहरण राउंडचं. पायथनला अडीच ही संख्या पूर्णांकात राउंड करायला सांगितली तर ते दोन म्हणतं, आणि साडेतीनचे चार म्हणतं. बरोब्बर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, असा त्याचा नियम आहे. शाळेत आपण वेगळं शिकवतो, त्यामुळे मुलं चक्रावतात. आणि राउंडला हेल्प लावलं तर नेमकी हीच गोष्ट तिथे नाही. ती पायथनच्या मोठ्या संदर्भग्रंथात वाचावी लागते. म्हणजे हेल्प हे पहिलं दार आहे, सगळं घर नाही.

आणि मग इंग्रजी. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ‘रिटर्न’ आणि ‘आर्ग्युमेंट’ हे शब्दच आधी वेगळ्या अर्थाने माहीत असतात. आर्ग्युमेंट म्हणजे भांडण, असं एकीने मला सांगितलं होतं. इथे भाषेच्या शिक्षकांचं काम सुरू होतं, असं मला ठामपणे वाटतं. हेल्पची इंग्रजी ही शेक्सपिअरची इंग्रजी नाही. तिचे शब्द ठरलेले आहेत, वाक्यं आखूड आहेत, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. मी मुलींसोबत अशा साठ-सत्तर शब्दांची वही केली, उर्दू आणि मराठी अर्थांसह. महिनाभरात वहीची गरज कमी झाली. इंग्रजी बोलायचे क्लास लावून जो आत्मविश्वास येत नाही, तो हेल्पच्या चार ओळी आपल्या आपण उलगडल्यावर येतो. हा माझा अनुभव. संशोधन म्हणून सांगत नाही.

प्रॅक्टिकल परीक्षेबद्दल तर मी भांडायलाही तयार आहे. प्रोग्राम लिहिताना हेल्प उघडलं तर ती कॉपी, असं समजणारे परीक्षक मला भेटले आहेत. भाषेच्या परीक्षेत शब्दकोश नको हे मी एक वेळ समजू शकते. पण ज्या कामात जगातले जाणकारही दिवसभर माहिती उघडून बघतात, त्या कामाच्या परीक्षेत ती बंद ठेवायची, याला काय म्हणावं? उलट एक प्रश्नच असा हवा: तुम्ही कधीही न वापरलेलं हे मॉड्यूल, याला विचारून याच्याकडून अमुक काम करून घ्या. स्टॅटिस्टिक्स हे मॉड्यूल त्यासाठी छान आहे. त्याची माहिती उदाहरणांसकट लिहिलेली आहे आणि सरासरी, मध्यक हे शब्द मुलांना गणितातून ओळखीचे असतात.

दुसरी मागणी, मुलांना डॉकस्ट्रिंग लिहायला लावा, आणि त्यांच्या भाषेत लिहायला लावा. पायथन ३ ला देवनागरी किंवा उर्दू लिपीचं वावडं नाही. फंक्शन चालतं तसंच चालतं, हेल्प ती माहिती जशीच्या तशी दाखवतं. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत अक्षरं नीट उमटत नाहीत, उर्दू आणि इंग्रजी एका ओळीत आले की दिशांचा गोंधळ होतो, हे खरं आहे. आयडलमध्ये लिहावं आणि इंग्रजी नाव वेगळ्या ओळीवर ठेवावं, आमचं तरी त्यात भागतं. ‘पण नोकरीत इंग्रजीतच लिहावं लागेल ना?’ लागेल, तेव्हा इंग्रजीत लिहील. आधी तिला काय लिहायचं ते तर सुचू दे. आपलं फंक्शन काय घेतं, काय देतं आणि कधी बिघडतं हे जिला मातृभाषेत तीन ओळींत सांगता येत नाही, तिला ते इंग्रजीतही सांगता येणार नाही. निबंध तपासण्यात माझी उमर गेली, एवढं मला कळतं.

मागच्या महिन्यात आमच्या एका मुलीने भिशीचा हिशोब करणारं फंक्शन लिहिलं. किती सभासद, दरमहा किती रुपये, कितव्या महिन्यात कुणाचा नंबर. डॉकस्ट्रिंग तिने उर्दूत लिहिली, पाच ओळींची. तिची अम्मी तिला न्यायला आली होती. तिला पायथन येत नाही, पण उर्दू येते, आणि भिशी तर ती कित्येक वर्षं चालवते आहे. मुलीने हेल्प लावून दाखवलं. अम्मीने चष्मा पुसून त्या पाच ओळी वाचल्या, आणि म्हणाली, ‘बीच में कोई छोड दी तो?’

मुलगी घरी जायची थांबली. फंक्शनला आणखी एक आर्ग्युमेंट लागणार होतं.